जेऊर रोडवरच्या त्या मिस्त्रींचे मनापासून आभार

आमचा ट्रॅक्टर वडलांच्या काळातला, डिझेलचा काटा कायम अर्ध्यावर अडकलेला आणि टाकी फुल्ल केली की काट्याच्या बुडातनं डिझेल पाझरणार. परवा करमाळा-टेंभुर्णी रोडला, जेऊरच्या अलीकडं, उसाच्या भरल्या ट्रॉलीसकट बंद पडला, काटा अर्ध्यावरच अन् टाकी कोरडी ठाक.

मोटरसायकलवरनं चाललेले एक मिस्त्री आपणहून थांबले. अंधार पडत होता, तर पहिलं काम काय केलं, सोबतच्या पोराला बॅटरी देऊन ट्रॉलीच्या मागं उभं केलं, कुणी येऊन धडकायला नको म्हणून. (आमच्याकडं सीझनला हेच होतं.) मग काटा खोलला. आतली दांडी गंजून जाम, डिझेलवर तरंगणारा पोकळ पितळी फ्लोट हलवला तर आत डिझेल डुचमळतंय! टपरीवरनं उकळतं पाणी आणून त्यात फ्लोट बुडवला, बुडबुडा आला तिथं खूण केली, आतलं डिझेल पार काढलं आणि गॅरेजवर जाऊन डाग मारून भोक बुजवून आले, येताना कॅनमध्ये डिझेल पण. काट्याच्या बुडाचं पॅकिंग कॉर्कचं कापलं, साधं रबर डिझेलनं फुगतं म्हणले. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंपानं डिझेलच्या पाइपात शिरलेली एअर काढली, बुडबुडे थांबल्यावर स्क्रू आवळला अन् सेल मारल्या मारल्या चालू.

मजुरी घेतली नाही, डिझेलचे तेवढे घेतले. नाव विचारलं तर हसले नुसते. मिस्त्री, काटा मस्त चालतोय, गळती पण बंद. त्या पोराला पण थँक्यू सांगा, बिचारा शेवटपर्यंत जागचा हलला नाही.