कृषी आयुक्तांस खुले पत्र : कागदाच्या पुडीतली ‘धान्यातली गोळी’

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे यांस,

स. न. वि. वि.

गेल्या जुलैत आमच्या कोठीतल्या लोकवन गव्हाला टोके पडले. सासूबाई कोपऱ्यावरच्या दुकानातून गोळ्या घेऊन आल्या. दुकानदार त्यांना म्हणाला होता, “पाऱ्याच्या गोळ्या संपल्यात आजी, ह्या न्या. ह्या जास्त जालीम आहेत.” वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी मी ओट्यावर उलगडली. आत चार गोळ्या होत्या, राखाडी-हिरवट, कडेने भुगा झालेल्या. लसणासारखा उग्र वास आला. मी तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे, तरी पुडी गॅलरीत नेऊन ठेवताना माझे हात थरथरत होते. “एवढं असेल तर मोरीत टाकून पाणी ओत,” असे सासूबाई म्हणाल्या. नेमके तेच करायचे नसते.

ती ॲल्युमिनिअम फॉस्फाइडची गोळी होती. ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. हवेतल्या दमटपणानेही सुटतो. पाणी ओतले तर भराभर सुटतो आणि भडकूही शकतो. गोदामात ताडपत्रीखाली घट्ट झाकलेल्या पोत्यांमधली कीड मारायला हा वायू फार कामाचा आहे, हे मला मान्य आहे. या गोळीवर सरसकट बंदी घाला, असे मी म्हणत नाही. पण ती गोदामाची गोळी आहे, घरातल्या कोठीची नव्हे.

वर्गात मांडते तसा हिशेब इथे मांडते. ३ ग्रॅमच्या एका गोळीत ५६ टक्के ॲल्युमिनिअम फॉस्फाइड असते आणि तिच्यातून साधारण १ ग्रॅम फॉस्फीन निघतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच अशा बंद खोलीत तो पसरला, तर हवेच्या दहा लाख भागांत सुमारे २५ भाग होतो. ५० भागांची हवा जिवाला तत्काळ धोक्याची, असे अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने ठरवले आहे. म्हणजे दोन गोळ्या पुरतात, आणि आमच्या पुडीत चार होत्या. सगळा वायू एकदम सुटत नाही, थोडा धान्यात मुरतो, फटींतून थोडा बाहेर जातो, हे खरे. पण पुण्यातल्या कितीतरी घरांत कोठी झोपायच्या खोलीतच असते, आणि पावसाळ्यात त्या खोलीच्या खिडक्या रात्रभर लावलेल्या असतात.

वासावर विसंबता येत नाही. शुद्ध फॉस्फीनला वास नसतो. लसणाचा किंवा कुजक्या मासळीचा वास येतो तो त्यातल्या अशुद्ध घटकांचा. हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि फटींतून शेजारच्या किंवा खालच्या घरातही पोचतो. शरीरात गेल्यावर पेशींना प्राणवायू वापरताच येत नाही आणि हृदयाच्या स्नायूंवर मोठा आघात होतो. सुरुवातीला मळमळ, उलट्या, डोकेदुखी, छातीत जडपणा एवढेच जाणवते. घरच्यांना वाटते, बाहेरचे काहीतरी खाण्यात आले. यावर उतारा नाही; डॉक्टर फक्त शरीराला आधार देत राहतात. म्हणून घरात अशी गोळी असेल आणि कुणाला असे होऊ लागले, तर सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत यावे, आणि दवाखान्यात पोचताच ‘गोळी होती’ हे सांगावे.

आयुक्त महोदय, यासाठी नवा कायदा मागण्याची गरजच नाही. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा आहे. ही ३ ग्रॅमची गोळी सरकारी यंत्रणांनी किंवा कीडनियंत्रण करणाऱ्यांनी मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच वापरायची, असे बंधन आहे. दहा आणि वीस गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. मग चार सुट्या गोळ्या एका आजींच्या पिशवीत पोचल्या कशा? मूळ डब्यावर लाल त्रिकोण असतो, कवटी असते, सूचना असतात. कागदाच्या पुडीवर यातले काहीच नसते.

आणि खरा घात शब्दाने होतो. पाऱ्याची गोळी आणि ही गोळी, दोघींनाही आपण ‘धान्यातली गोळी’च म्हणतो. सासूबाईंनी काहीच चुकीचे मागितले नव्हते. हल्ली ढेकणांसाठीही ‘गोळी ठेवतो’ म्हणणारे लोक कॉट बेसिसच्या, म्हणजे एकेक खाट भाड्याने दिलेल्या, खोल्यांपर्यंत पोचतात. तिथे राहणारी मुले परगावची, बहुतेक विशीच्या आतबाहेरची. खोलीत काय ठेवले आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही. शेजारच्या खोलीत कोण झोपले आहे, हेही कुणी पाहत नाही.

आपले आयुक्तालय पुण्यातच आहे. आपल्या गुणनियंत्रण निरीक्षकांना कृषी सेवा केंद्रांपुरते न थांबवता किराणा आणि भुसार दुकानांत पाठवा. साध्या कपड्यांत जाऊ द्या आणि एवढेच म्हणू द्या, “गव्हात ठेवायला गोळी द्या.” काय हातात पडते ते त्यांनी आपल्यासमोर आणून ठेवावे. ज्या साखळीतून डबा फुटून सुट्या गोळ्या बाहेर पडतात, ती वरपर्यंत शोधा. एकट्या किराणावाल्याला दंड करून थांबू नका. महापालिकेला सोबत घेऊन ढेकणांच्या औषधफवारणीची कामे करणाऱ्यांचे परवाने तपासा. रेशन दुकानांत आणि सोसायट्यांच्या फलकांवर मराठीत, गोळीच्या चित्रासह, सूचना लावा.

एप्रिलमध्ये पुन्हा वर्षाचा गहू भरायची वेळ येईल. त्याच्या आत हे व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका,
धनकवडी, पुणे