खराडीच्या फ्लॅटचा हिशेब

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

खराडीचा टू बीएचके घेऊन भाड्याने द्यायचा आणि दोन वर्षांत त्याच्या जोरावर दुसरा, असं तू म्हणालीस. बेत वाईट नाही. पण ‘भाड्यातून हप्ता निघतो’ हे एजंटचं म्हणणं मी कागदावर मांडून पाहिलं.

फ्लॅट ८० लाखांचा. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी, २० वर्षांसाठी, म्हणजे हप्ता ५२ हजार. भाडं २४ हजार. तेही सगळं हातात पडत नाही. मेंटेनन्स आपल्याच माथी, वर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे आपण स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते जादा पैसे. स्वतः राहणाऱ्याला पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, तीही जाते. भाडेकरू बदलताना महिनाभर घर रिकामं, शिवाय रंगकाम. सगळं वजा जाता वर्षाला दोन लाख उरले तरी पुष्कळ. म्हणजे अडीच टक्के, आणि बँकेला द्यायचे साडेआठ! किंमत वाढली तर भरून निघेल, पण हप्ता दर महिन्याला जाणार. नव्या कररचनेत भाड्याहून जास्तीचं व्याज पगारातून वजाही होत नाही.

त्यापेक्षा ४० लाखांच्या आतला जुना वन बीएचके बघ, ऑफिसं नाहीतर कॉलेज जवळ असलेला. निम्मे पैसे आपले घाल. २० लाखांचा हप्ता साडेसतरा हजारांच्या आत बसतो, त्यातला बराचसा भाडं ओढतं. दुसऱ्याचं नाव हे कर्ज निम्म्यावर आल्यावर काढ. आणि घर फक्त तुझ्या नावावर घे, मुद्रांक शुल्कात एक टक्का वाचतो. जावईबापूंशी मी बोलते.

भाडेकरू ओळखीचा असला तरी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार रजिस्टर करायचाच. आपल्याकडच्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी घरमालकाची आहे. लेखी, नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. ते खोटं ठरवणं आपल्या गळ्यात. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, अर्ध्या तासाचं काम. पोलिसांकडची भाडेकरूची माहितीही त्याच दिवशी भरून टाक.

टोकन मात्र अजून देऊ नकोस. इंडेक्स टू म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र, तिन्हींचे फोटो आधी बाबांना पाठव.

तुझी,
आई