सुट्या वेळेचा खेळ

बोरिवली,
रविवार, दुपार

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, एवढा महागाचा गेम घेतला, दोन महिन्यांत धड एकदा उघडला नाही. वेळच नाही." तेव्हा माझा कुकर लागला होता, म्हणून नुसतं ऐकून घेतलं. आता सांगते. वेळ तुझ्याकडे आहे रे, पण सगळा सुटा. चार मिनिटं इथे, सात तिथे. तुझ्या त्या गेमला बंदी नोट लागते.

हसू नकोस, मी सध्या गाडीत टेट्रिस खेळते. हो, वरून पडणारे तुकडे रचून ओळी भरायच्या, भरली की ओळ नाहीशी, दहावीच्या वर्षी तुझ्याकडून काढून घेतला तोच खेळ, आता मोबाइलवर. बोरिवलीहून सुटणाऱ्या स्लो लोकलला बसायला मिळतं. सुरुवातीला कांदिवली यायच्या आत माझा ढीग छताला टेकायचा, आता एक डाव गोरेगावपर्यंत पुरतो. अंधेरीला "आत सरका, आत सरका" सुरू झालं की फोन पर्समध्ये. डाव होता तिथे थांबतो. मागची गोष्ट आठवावी लागत नाही, कुठे पोचलो होतो ते शोधावं लागत नाही. शेवटी हरायचंच असतं, त्यामुळे उठताना जीव अडकत नाही.

१९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्हने तो केला, तेव्हा त्याच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती. कंसांची चिन्हं जोडून त्याने तुकडे दाखवले. आकार सातच, प्रत्येकात चार चौकोन. मला सगळ्यात आवडते ती लांब काठी. कडेचा एक रकाना मोकळा ठेवायचा आणि तिची वाट बघायची. आली की चार ओळी एकदम साफ! फास्टसाठी दोन स्लो सोडण्यासारखंच हे. पण नव्या टेट्रिसमध्ये सातही आकार एकेकदा येऊन गेल्याशिवाय पुढचे सात सुरू होत नाहीत, म्हणजे दोन काठ्यांच्या मध्ये फार तर बारा तुकडे. आपल्या स्टेशनवरच्या इंडिकेटरपेक्षा बराच भरवसा!

अर्थात मंगळवारी काठीच्या नादात फोन हातातच राहिला आणि दादर गेलं. प्रभादेवीहून उलटी आले, लेट मार्क लागला. आणि रात्री अंथरुणात अजिबात नको. "एकच डाव" म्हणता म्हणता साडेअकरा झाले, शेवटी बाबांनी न बोलता दिवा घालवला.

तुला हे चालेल. मीटिंगला लोक जमेपर्यंत, पिल्लूची बाटली उकळेपर्यंत एक डाव. मोठा गेम दिवाळीच्या सुट्टीत काढ.

तुझा जुना ब्रिक गेम कपाटात सापडला. सेल पाझरून पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. लॅमिंग्टन रोडवरच्या एका मुलाने पॉलिश पेपरने घासून दिल्या, चालू झाला. लाडवांच्या डब्याबरोबर पाठवते आहे. आवाज बंद करायचं बटण मात्र गेलंय, तेव्हा पिल्लू झोपलेली असताना हात लावू नकोस.

तुझी,
आई