गोदामाची किल्ली कोणाकडे?

पुणे, रविवार

प्रिय मंग्या,

ऑफिसच्या पॅकेजांचं (म्हणजे कोडच्या तयार गठ्ठ्यांचं) गोदाम म्हणून नेक्सस घेऊ की आर्टिफॅक्टरी, एवढंच विचारून तू मोकळा झालास. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना, म्हणून मेल.

तुझे साहेब म्हणतात, सगळं बाहेरून फुकट उतरतं, मध्ये आणखी एक सर्व्हर कशाला? त्यांना मार्च २०१६ सांग. लेफ्ट-पॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज लेखकानं रागानं एनपीएमवरून (जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या सार्वजनिक भांडारातून) काढलं आणि जगभर बिल्ड, म्हणजे कोडवरून प्रोग्राम तयार करायची कामं, आपटली. ज्यांच्या प्रॉक्सीत, म्हणजे अशाच मधल्या सर्व्हरवर, त्याची प्रत होती, ते निवांत. एवढ्यानं पटलं नाही तर मे २०२१ सांग, बिनट्रे हे पॅकेजं वाटणारं सार्वजनिक गोदाम बंद झालं तेव्हाचं. बंद करणारे जेफ्रॉग, म्हणजे आर्टिफॅक्टरीवालेच!

काम दोघांचं एकच. नेक्ससकडे होस्टेड (घरची पॅकेजं), प्रॉक्सी (बाहेरच्या पॅकेजांच्या प्रती), ग्रुप (सगळं एका पत्त्यावर). आर्टिफॅक्टरीकडे तेच लोकल, रिमोट, व्हर्च्युअल. फरक खिशाला कळतो. आर्टिफॅक्टरीची फुकट ओपन सोर्स आवृत्ती मेव्हन-ग्रेडलसारख्या जावाच्या साधनांपुरती; तुमच्या एनपीएमला ती हात वर करते. नेक्ससची फुकट आवृत्ती एनपीएम, डॉकर (प्रोग्राम बांधून ठेवलेल्या इमेज), पायपीआय (पायथनची पॅकेजं) सगळं पोटात घेते, पण २०२५ पासून कम्युनिटी एडिशनमध्ये साठवलेल्या घटकांच्या संख्येवर आणि रोजच्या रिक्वेस्टवर मर्यादा आली. तुमचा सीआय (आपोआप बिल्ड करणारी यंत्रणा) दर बिल्डला सगळं नव्यानं ओढतो ना? मग आधी रिक्वेस्ट मोज. नुसत्या डॉकर इमेज असत्या तर हार्बर हे इमेजांचं गोदाम घे म्हणालो असतो.

आता माझी फजिती. मागच्या नोकरीत नेक्सस मीच बसवला होता. रिलीजच्या संध्याकाळी डिस्क भरली. घाईनं क्लीनअप पॉलिसी (जुनं पुसायचा नियम) चालवली, जुने स्नॅपशॉट, म्हणजे कच्च्या आवृत्त्या, ढिगानं उडाले आणि डिस्क होती तेवढीच भरलेली! कारण नेक्ससमध्ये पुसणं म्हणजे आधी नुसती खूण. 'कॉम्पॅक्ट ब्लॉब स्टोअर' (ब्लॉब स्टोअर म्हणजे खऱ्या फाइली ठेवायची जागा) हे वेगळं टास्क चालल्याशिवाय जागा सुटत नाही. हे कळलं रात्री साडेअकराला. तोवर मॅनेजर मागे खुर्ची ओढून बसलेले, काहीही न बोलता. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. तेव्हा क्लीनअप आणि कॉम्पॅक्ट ही दोन्ही टास्क पहिल्या दिवशीच वेळापत्रकात लाव, आणि बॅकअप घेताना डेटाबेस आणि ब्लॉब स्टोअर जोडीनंच घे. एकट्या डेटाबेसचा उपयोग शून्य.

आणखी एक. घरच्या पॅकेजांना स्कोप (नावाआधी कंपनीची खूण) दे आणि ती नावं बाहेर शोधायची नाहीत असा राउटिंग रूल लाव. २०२१ मध्ये अ‍ॅलेक्स बिरसान या संशोधकानं कंपन्यांच्या आतल्या पॅकेजांच्या नावाचीच पॅकेजं बाहेर टाकली, आणि अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणांनी ती मुकाट उतरवून चालवली. तिथं आपली काय कथा!

माझं मत नेक्ससला. पण डिस्क, अपग्रेड, बॅकअप बघणारा एक माणूस नावानिशी ठरलेला हवा. 'सगळे मिळून बघू' असं उत्तर आलं, तर साहेबांना सांग, पैसे मोजून क्लाउडवरचंच घ्या.

तर नाव कळव. तुझंच असेल तर शनिवारी लॅपटॉप घेऊन घरी ये, ती टास्क दोघं मिळून लावू. आई थालीपीठ करणार आहे.

तुझा,
पम्या