काकांची पेपरक्लिप आणि माझे दोन थाऊ
काका, हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्हाला आवडणार नाही माहितीये, पण फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही विषयच बदलता.

त्या दिवशी मी रडगाणं घेऊन आलो होतो की माझ्या रायफलच्या झाडलेल्या पुंगळ्या मी परत भरून वापरतो, त्या चौथ्या-पाचव्या लोडलाच (भरण्यालाच) जातायत, ब्रासच (पुंगळीचं पितळच) खराब निघालं. तुम्ही काही न बोलता एक पेपरक्लिप सरळ केली, टोकाला बारीक आकडा वाकवला आणि म्हणालात, आत घाल आणि भिंतीला टेकवून तळापासून वर ओढ. बुडाच्या जरा वर खट्कन अडकली. बाहेरून बघतो तर बरोबर तिथेच चकचकीत रिंग. म्हणजे पुढच्या एखाद्या फायरला बूड सुटलं असतं, आणि गरम गॅस तोंडावर आला असता तरी मी ब्रासलाच शिव्या घालत बसलो असतो.

चूक माझीच होती. डाय (पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या भागाला) टेकवून वर पाव फेरा द्यायचा एवढंच मला माहीत, आणि त्यात पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) दर वेळी ८ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) मागे जात होता. फायर झाल्यावर पुंगळीचा पुढचा भाग चेंबरला (नळीतल्या काडतुसाच्या जागेला) चिकटतो, बूड मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्यावर) आपटतं आणि ताणलं जातं ते बुडाच्या वरचं ब्रास, हे तुम्ही हातवारे करून दाखवलंत तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

मग आधी प्रायमर (बुडातली पेटवणारी टोपी) काढायला लावलात (नाहीतर माप चुकतं), कॅलिपरला कंपॅरेटर (बुडापासून खांद्यापर्यंतचं माप घ्यायची जोड) लावून फायर केलेल्या पुंगळीचं रीडिंग घेतलं, डाय बरीच वर घेऊन साइझ केलं, तर खांदा मागे जायच्या ऐवजी पुढेच आला! मला वाटलं कॅलिपर गेला. तुम्ही मनसोक्त हसलात आणि मग सांगितलंत की डाय आधी अंग दाबते, दाबलेलं ब्रास वर सरकतं, खांद्याला डाय लागते ती नंतर. तिथून पुढे चिमूट-चिमूट. इंचाला १४ आटे, म्हणजे एक थाऊ म्हणजे जेमतेम ५ अंश, डायवर पेनाने खूण करून फिरवत बसलो. शेवटी खांदा ०.००२ इंच, म्हणजे दोन थाऊ, मागे आला, ती पुंगळी चेंबरमध्ये घातली तर फायरिंग पिन आणि इजेक्टर काढलेल्या बोल्टचं हँडल आपोआप खाली पडलं, आणि माझ्या आधी तुम्हीच ‘आता बास’ म्हणालात. सेमी-ऑटोला ३-४ थाऊ ठेव हेही बजावलंत, माझ्याकडे सेमी-ऑटो नसताना.

ल्यूब (वंगण) थापून खांद्यावर पाडलेल्या खळग्यांबद्दल काही लिहीत नाही, तेवढी इज्जत राहू दे.

जुना लॉट पक्कडीने चेपून टाकून दिला. नवीन लॉट आता सातव्या लोडवर आहे, दर वेळी पेपरक्लिप फिरवतो, कुठे अडकत नाही. कंपॅरेटर तुमचा अजून माझ्याकडेच आहे काका, विसरलो नाहीये, लॉकरिंग (डाय जागेवर धरणारी रिंग) घट्ट करताना डाय हलली तेवढी परत सेट करतो आणि आणून देतो.