जोडणीआधी डेटाबेस नीट करून देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

गोदामाच्या साठ्याचा आपला जुना एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस (माहितीचा साठा) मोबाइल अ‍ॅप बनवण्याचं साधन असलेल्या पॉवर अ‍ॅप्सला जोडला गेला आणि आता मालाची आवक-जावक मोबाइलवरून नोंदली जाते. त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. पत्र सर्वांना वाचता येईल असं लिहितो आहोत, कारण तुम्ही आधी करून घेतलेली तयारी इतरांच्याही कामाची आहे.

इंटरनेटवरून येणाऱ्यांसाठी १४३३ पोर्ट (डेटाबेसशी बाहेरून जोडणीचं दार) उघडायला तुम्ही ठाम नकार दिलात. गेटवे, म्हणजे आपला सर्व्हर आणि अ‍ॅप यांच्यातला दुवा असलेला प्रोग्राम, फक्त आतून बाहेर जोडणी करतो, त्यामुळे राउटरवर काहीच उघडावं लागलं नाही. तो लॅपटॉपवर न बसवता कधीही न झोपणाऱ्या मशीनवर आणि स्टँडर्ड मोडमध्ये बसवायला लावलात; पर्सनल मोड फक्त पॉवर बीआय या अहवालांच्या साधनाला चालतो. रिकव्हरी की कागदावर लिहून तिजोरीत ठेवलीत, कारण ती हरवली तर मशीन बदलताना तोच गेटवे नव्या जागी नेता येत नाही.

खरं काम मात्र टेबलांमध्ये होतं. प्रायमरी की (प्रत्येक ओळ वेगळी ओळखणारा कॉलम) नसलेलं टेबल अ‍ॅपमध्ये दिसतं, पण त्यात लिहिता येत नाही. अशी टेबलं तुम्ही शोधून दुरुस्त केलीत. आवक टेबलावर ट्रिगर, म्हणजे नोंद बदलताच आपोआप चालणारा कोड, होता. ट्रिगर असलेल्या टेबलात अ‍ॅपला डेटाबेसशी जोडणाऱ्या कनेक्टरमधून नवी ओळ घालणं किंवा जुनी बदलणं अपयशी ठरतं, आणि केवळ एरर वाचून कारण लक्षात येत नाही. तुम्ही ते काम स्टोअर्ड प्रोसीजरकडे (डेटाबेसमध्येच साठवलेल्या आज्ञांकडे) दिलंत.

मालाच्या नावाचा कॉलम व्हारचार, म्हणजे मर्यादित अक्षरांचा मजकूर-प्रकार, होता. त्यात देवनागरी लिहिली की प्रश्नचिन्हं साठतात, आणि एकदा साठली की मूळ अक्षरं परत मिळत नाहीत, नंतर प्रकार बदलला तरीही. मोबाइलवर मराठी नोंदी सुरू होण्याआधीच तुम्ही तो देवनागरीही साठवणारा एनव्हारचार केलात. हा उपकार मोठा आहे.

तारखेचंही तसंच. गेटवेमागच्या सर्व्हरवर तारखेची थेट गाळणी चालत नाही, म्हणून वर्ष गुणिले १००००, अधिक महिना गुणिले १००, अधिक दिवस असा पूर्णांकाचा कॉलम दिलात. आर्थिक वर्षाची गाळणी आता २०२४०४०१ ते २०२५०३३१ अशी सरळ होते. गाळणी सर्व्हरकडे सोपवता आली नाही तर अ‍ॅप पहिल्या ५०० ओळीच आणतं; सेटिंग वाढवलं तरी २००० च्या पुढे जात नाही. वापरणाऱ्याला कुठलीही सूचना न मिळता साठा कमी दिसतो. अ‍ॅप बनवतानाच पिवळा त्रिकोण (गाळणी सर्व्हरकडे जाणार नसल्याचा इशारा) दिसला की थांबायचं, हे तुमच्यामुळे अंगवळणी पडलं.

शेवटी लॉगिन. एसक्यूएलच्या युजरनेम-पासवर्डवर केलेली जोडणी अ‍ॅप शेअर करताना २०२४ च्या आधी सोबतच शेअर व्हायची, आणि ती वापरून ते मिळालेला कोणीही दुसरं अ‍ॅप बनवू शकायचा. तसा धोका कधीच नको म्हणून सर्व अधिकार असलेलं 'एसए' लॉगिन बाजूला ठेवून चारच टेबलांपुरतं, खोडण्याचा हक्क नसलेलं वेगळं लॉगिन तुम्ही दिलंत.

परताव्याचं टेबल अजून जोडायचं आहे आणि त्यावरही ट्रिगर आहे. सवडीने त्याचीही प्रोसीजर लिहून द्याल का? तोवर ते टेबल आम्ही फक्त वाचण्यापुरतंच ठेवतो.

आपले,
गोदाम विभागातले सहकारी