घरातला दिवस आणि गावाचा दिवस

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझ्या आईला जाऊन बारा वर्षे झाली. वडील होते तोवर तिचे श्राद्ध तिथीनेच होत असे. आता मुले नोकरीनिमित्त बाहेरगावी असल्याने आम्ही तारीख धरतो, तरी कार्तिक वद्य पंचमी आली की बहिणीचा सकाळीच फोन येतो. त्या दिवशी घरी गोळाभात होतो आणि डाळ किती भरड ठेवायची यावरून आईने काकूशी घातलेले वाद जेवताना कोणीतरी सांगतेच. ज्या नातवाने तिला कधी पाहिले नाही, त्यालाही ते आता पाठ झाले आहेत. गेलेले माणूस कसे होते, हे बोलल्याशिवाय त्या दिवशी आमची पंगत उठत नाही.

सार्वजनिक स्मृतिदिनांतही जे टिकतात, त्यांच्यामागे असे घरचे बोलणे असते, असे मला वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी विजयादशमी होती. म्हणून दीक्षाभूमीवर धम्मदीक्षेचा दिवस तारखेनेही पाळला जातो आणि दसऱ्यालाही. दसऱ्याला येणाऱ्या लाखो लोकांत आजोबांनी किंवा आजीने त्या दिवशी दीक्षा घेतली, हे घरातच ऐकत वाढलेली असंख्य माणसे असतात. जाताना ती पुस्तके विकत घेऊन जातात. तो दिवस त्यांना कोणी आठवून द्यावा लागत नाही.

या पत्राचे निमित्त मात्र २३ नोव्हेंबर हे आहे. १९९४ साली हिवाळी अधिवेशन सुरू असताना, अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात म्हणून विदर्भाच्या गावागावांतून गोवारी समाज मोर्चाने नागपुरात आला. मंत्र्यांपैकी कोणी भेटायला येईल, या आशेवर ही माणसे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ दिवसभर थांबून होती. संध्याकाळी लाठीमार झाला आणि चेंगराचेंगरीत ११४ जण मेले. त्यांत बायका आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती. शहराने त्यांचे स्मारक उभारले, उड्डाणपुलालाही गोवारी शहीदांचे नाव दिले. त्याच पुलावरून जाताना माझ्या भाच्याने विचारले की, हे गोवारी कोणत्या पक्षाचे पुढारी होते. तो नागपुरातच जन्मला, इथल्याच शाळेत शिकला. त्याला मी दोष देत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षे त्या पुलावरून ये-जा केली आणि त्याला एकदाही काही सांगितले नाही, याची मला मनापासून लाज वाटली.

स्मारकापाशी २३ नोव्हेंबरला मृतांचे नातेवाईक आणि समाजाची माणसे येतात. त्यांच्यासाठी तो घरचाच दिवस आहे. मात्र ती माणसे गेली आमच्या शहराच्या रस्त्यावर, आमच्या विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर, आणि म्हणून हा दिवस नागपूरकरांच्याही घरात असायला हवा होता. शिवाय त्यांची मागणी आजही संपलेली नाही. घटनेनंतर गोवारींना विशेष मागास प्रवर्गाच्या सवलती मिळाल्या. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तो डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. निकालाच्या बऱ्यावाईटाविषयी मला येथे लिहायचे नाही. ११४ माणसे कशासाठी आली होती आणि त्याचे पुढे काय झाले, एवढे तरी आपल्याला माहीत असावे.

वर्तमानपत्रांत त्या दिवशी स्मारकाला हार घालतानाचे छायाचित्र येते. आपणास विनंती आहे की, पुढील वर्षी त्यासोबत हा सारा इतिहास सविस्तर छापावा आणि त्या मोर्चात स्वतः चाललेल्या एखाद्या बाईला तिच्या शब्दांत बोलू द्यावे. महापालिकेच्या शाळांनीही त्या दिवशी एक तास यासाठी ठेवावा. तेव्हा कडेवर असलेली मुले आज तिशी ओलांडून गेली आहेत, आणि ज्यांनी त्यांना कडेवर घेतले होते, ती माणसे थकत चालली आहेत.

आपला,
एक वाचक, धंतोली, नागपूर